वाचकांचे प्रश्न : कादंबरीकाराचे कागद वाचनालयाला देताना

प्रश्न : माझे सासरे कादंबरीकार होते. त्यांच्या निधनानंतर अमळनेरचे आमचे जुने धाब्याचे घर पाडायचे ठरले आहे. माडीवर त्यांच्या पत्र्याच्या पेट्या असून त्यांत हस्तलिखिते, पत्रे, रोजनिशा आणि काही फ्लॉपी आहेत. जिल्ह्यातील एक वाचनालय हे सर्व घ्यायला तयार आहे. देण्यापूर्वी कागद तारखेनुसार लावावेत का? निरुपयोगी वाटणारे काढून टाकावेत का? घरगुती पत्रे जाळून टाकावीत, असे काही नातेवाईक म्हणतात. — एक वाचक, अमळनेर

उत्तर : पेट्या आवरायला घेऊ नका, हे पहिले सांगणे. लेखकाने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो क्रम हीदेखील माहितीच असते. एखादे पत्र एखाद्या खर्ड्याच्या पानात खोचलेले असेल, तर त्या पत्रामुळेच ते प्रकरण बदलले असण्याची शक्यता असते, आणि तारखेनुसार लावण्याच्या उत्साहात हा धागा कायमचा तुटतो. उघडलेल्या प्रत्येक पेटीचे छायाचित्र घ्यावे, तिला क्रमांक द्यावा आणि आत काय आहे याची ढोबळ यादी वहीत करावी. एवढे घरच्यांचे काम पुरेसे आहे.

निरुपयोगी काय, हे घरच्यांनी ठरवू नये. छापलेली कादंबरी अनेक ग्रंथालयांत मिळेल. खाडाखोड केलेला खर्डा मात्र फक्त तुमच्या पेटीत आहे. खानदेशातील लेखकांच्या बाबतीत तर त्याचे मोल अधिकच आहे. संवाद आधी अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत लिहिले होते का, ते प्रमाण मराठीत कधी आले आणि ते लेखकाने स्वतः बदलले की संपादकाने सुचवले, हे खर्डे आणि मुद्रितांवरील (छपाईआधी तपासलेल्या प्रुफांवरील) पेन्सिलीच्या खुणाच सांगू शकतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्तांनी ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या. कागद जपण्याचे महत्त्व आपल्या भागात याहून वेगळे पटवून देण्याची गरज नसावी. म्हणून मानधनाचे हिशेब, प्रकाशकांचे नकार, बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवरील टिपणे, सगळे द्यावे.

घरगुती पत्रे जाळू नयेत. (जाळण्याचा आग्रह धरणाऱ्यांचा उल्लेख बहुधा त्याच पत्रांत असतो, असे म्हणण्याचा मोह होतो.) ती वेगळ्या मोहोरबंद पाकिटांत द्यावीत आणि अमुक वर्षांपर्यंत किंवा संबंधित व्यक्ती हयात असेपर्यंत ती कोणालाही दाखवू नयेत, अशी अट दानपत्रात घालावी.

खरे महत्त्व या दानपत्राचेच आहे. तोंडी दिलेले कागद कार्यकारी मंडळ बदलले की कोणाचेच राहत नाहीत. काय दिले, कोणी दिले, सर्व वारसांची संमती आहे का, कोणते कागद केव्हा खुले होतील आणि संस्था बंद पडल्यास संग्रह कोठे जाईल, हे लिहून त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या असाव्यात. कागदाची मालकी आणि मजकुराचा कॉपीराइट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशित साहित्याचा कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनासाठी ही ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. सासऱ्यांना आलेल्या पत्रांचे कागद तुमचे असले, तरी त्यांतील मजकुराचा हक्क ती लिहिणाऱ्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा असतो. कॉपीराइटही देणार असाल, तर तो लेखी द्यावा आणि मुदत नमूद करावी, कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची मानतो.

संस्था निवडताना एकदा धुळ्याला जाऊन यावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थेत रामदासी हस्तलिखिते जपली आहेत. खानदेशातले कागद खानदेशातच राहावेत, असे आमचे मत आहे, मात्र त्यासाठी कोरडी, कुलूपबंद खोली आणि जबाबदार माणूस असायला हवा. तो नसेल तर पुण्या-मुंबईला पाठवण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : आमच्या ‘ब’ वर्ग वाचनालयाकडे एका लेखकाचे कागद आले आहेत. वातानुकूलन परवडणारे नाही. पाने लॅमिनेट करून डांबराच्या गोळ्या घालून ठेवावीत का? — एक ग्रंथपाल, शहादा

उत्तर : लॅमिनेशन कदापि करू नये, उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा सुरक्षितपणे निघत नाही. चिकटपट्टी, रबर आणि टाचण्याही नकोत, कारण पावसाळ्यात टाचणीचा गंज पानात उतरतो. वाचनालयाचा शिक्का पानांवर मारू नये. क्रमांक मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात घालावा. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी हटत नाही आणि बंद खोलीतील त्यांची वाफ माणसांनाही बाधते.

कागदाला सुमारे २० ते २५ अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि लगेच जुलैची ओल येते. ही उलथापालथच अधिक घातक आहे. म्हणून पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली टाळून आतली खोली निवडावी, लोखंडी कपाट भिंतीपासून व जमिनीपासून थोडे दूर ठेवावे आणि स्वस्तातला आर्द्रतामापक लावावा. आकडा ६५ च्या वर टिकू लागला की बुरशीची भीती असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत, म्हणजे कापडी बस्त्यांत, बांधलेले आहेत, आणि ती पद्धत आजही उपयोगी आहे. मात्र सुती कापड धुऊन खळ काढलेले असावे, कारण खळीला कसर लागते. भिजलेली पाने उन्हात न घालता टीपकागदांमध्ये, पंख्याखाली वाळवावीत.

कागदांबरोबर फ्लॉपी किंवा सीडी आल्या असतील, तर मूळ फाइल न बदलता तिची प्रत करावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसल्यास वाचता येत नाही, म्हणून युनिकोडमधील दुसरी प्रत आणि एक छापील प्रत जोडून ठेवावी. स्कॅनिंग किमान ३०० डीपीआयवर करावे. स्कॅन झाल्यावर जागेसाठी मूळ कागद काढून टाकण्याची सूचना सभेत आली, तर ती फेटाळून लावावी, कारण खोडलेल्या ओळीखालचे शब्द आणि शाईतील फरक प्रतिमेत नेहमीच उमटत नाहीत.