खातं हॅक झालं, मग निलंबितही झालं: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझं इन्स्टाग्राम खातं कुणीतरी ताब्यात घेतलं, त्यावरून क्रिप्टोच्या फसव्या जाहिराती टाकल्या आणि आता खातंच निलंबित झालंय. लगेच अपील करू का?

उत्तर: अपील कराच, पण आधी खात्याला जोडलेला ईमेल सुरक्षित करा. कोड, पासवर्ड बदलायची लिंक, अपीलचं उत्तर हे सगळं तिथेच येतं. चोर त्या ईमेलमध्ये बसलेला असेल तर तुम्ही धडपड करून मिळवलेलं खातं पुन्हा त्याच्याच हातात जाईल.

ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि रिकव्हरीचा नंबर तुमचाच आहे ना, ते बघा. त्यानंतर सेटिंग्जमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडा. हे पाहायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कंपनीचे मेल परस्पर ट्रॅशमध्ये जातील असा फिल्टर चोराने लावून ठेवलेला असू शकतो. मग उत्तर आलेलं असूनही तुम्ही वाट पाहत राहता.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर निलंबनानंतर अपील करायला १८० दिवस मिळतात, नंतर खातं कायमचं बंद होतं. लॉगिन करायला गेलात की अपीलचा पर्याय दिसतो. लिहायला जागा दिली असेल तर ताबा कधी गेला, ईमेल बदलल्याची सूचना कधी आली आणि कोणत्या पोस्ट तुमच्या नाहीत, एवढंच नेमकं लिहा. ओळखीचा पुरावा मागितला तर स्पष्ट, पूर्ण दिसणारा फोटो द्या. खात्यावर तुमचे फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फीही मागितला जाऊ शकतो. आणि खात्याला जाहिरातींसाठी कार्ड जोडलेलं असेल तर आजच बँकेला सांगून ते बंद करा. अपीलच्या निकालासाठी थांबू नका.

प्रश्न: जीमेलच गेलंय. चोराने रिकव्हरी नंबरही बदलला. आता काय उरलं?

उत्तर: अजून बरंच काही, पण घाई करा. नंबर किंवा रिकव्हरी ईमेल बदलल्यानंतर ७ दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. रिकव्हरीचं पान नेहमीच्याच फोनवर किंवा संगणकावर, नेहमीच्याच ब्राउझरमध्ये, नेहमीच्याच ठिकाणी बसून उघडा. नवा फोन आणून किंवा प्रवासात असताना प्रयत्न केलात तर तुम्हीच परके वाटता. आठवतो तो शेवटचा पासवर्ड भरा. खात्री नसली तरी प्रश्न सोडून देऊ नका, जवळात जवळचं उत्तर लिहा.

प्रश्न: एकजण पैसे घेऊन खातं परत मिळवून देतो म्हणतोय.

उत्तर: एक पैसाही देऊ नका, आणि कोड तर मुळीच सांगू नका. कंपनीच्या आत जायची वाट त्याच्याकडे नाही. हॅक झाल्याचं तुम्ही कुठे जाहीर लिहिलंत की अशी माणसं तुम्हाला शोधत येतात. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुबाडणं हाच त्यांचा धंदा आहे, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅप परत घेताना माहीत नसलेला पिन मागतंय.

उत्तर: तो चोराने लावलेला आहे. ७ दिवस थांबलात की पिनशिवाय आत जाता येईल. एसएमएसने आलेला ६ अंकी कोड तुम्ही भरलात त्याच क्षणी चोर बाहेर पडलेला असतो, तेव्हा या दिवसांत तो तुमच्या नावाने मेसेज पाठवू शकत नाही. आधी त्याने कुणाकडे पैसे मागितले असतील, म्हणून ओळखीच्यांना फोन करून सांगा.

प्रश्न: दोन टप्प्यांची पडताळणी चालू होती. तरी हॅक कसं झालं?

उत्तर: चोराला कदाचित तुमच्या पासवर्डची गरजच पडली नसेल. लॉगिन झाल्यावर ब्राउझर सेशन कुकी, म्हणजे तुम्ही आत आहात हे सांगणारी छोटी फाइल, जपून ठेवतो, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा फसवं एक्स्टेन्शन ती कुकी चोरून नेतं, आणि संकेतस्थळाला वाटतं की आधीच आत असलेले तुम्हीच आहात. तुमच्या बाबतीत हे घडलं असेल तर त्या संगणकावर नवा पासवर्ड टाइप करू नका, तोही चोरीला जाईल. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळी सेशन बंद करा, म्हणजे सगळीकडून साइन आउट करा, अनोळखी अ‍ॅप्सना दिलेली परवानगी काढा. मग संगणक फॉरमॅट करा. नुसतं अँटिव्हायरस चालवून मी तरी निर्धास्त होणार नाही. शेवटी नवे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना पडताळणीसाठी वापरायचे कोड, तयार करून कागदावर लिहून ठेवा. गूगल असे १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवे घेतले की जुने आपोआप रद्द होतात.