वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधलं गाव, शिवार आणि दप्तर

प्रश्न : इंग्लंडमध्ये लॅक्स्टन नावाच्या गावात शेतांना आजही कुंपण नाही असं वाचलं. मग बांध कोरण्यावरून भांडणं होत नाहीत का?

होतात, आणि ती मिटवायला गावाचं स्वतःचं कोर्ट आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या या गावात साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन मोठी मोकळी रानं आहेत. शेतकऱ्यांचे पट्टे या रानांत विखुरलेले असतात. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याखाली. दर वर्षी पाळी फिरते.

पट्ट्यांच्या मधे बांध नाहीच. हद्द म्हणजे नांगराचं शेवटचं तास, आणि गोची इथेच आहे. दर नांगरटीला एकच तास पलीकडे सरकलं तरी चार-पाच पाळ्यांत शेजाऱ्याचा पट्टा हातभर तरी अरुंद होतो. शेजारी निदान बोंब मारतो. रानातले रस्ते आणि सखल भागातले, नांगरायला न जमणारे गवताचे तुकडे (त्यांना ‘साइक’ म्हणतात) मात्र कुणा एकट्याचे नसतात, त्यामुळे फाळ तिकडे अधिक सहज घसरतो.

म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू नुकता पेरलेला असताना, गावातलेच ज्युरी त्या रानात फिरतात. तासं अजून उघडी असतात, कुणी कुठवर नांगरलं ते लपत नाही. हद्द जिथे ढळलेली दिसते तिथे ते खुंट्या ठोकतात. चर साफ केलेले नसतील तर तेही टिपून घेतात. आठवड्याभराने गावातल्या डव्हकोट इनमध्ये ‘कोर्ट लीट’ भरतं आणि दोषींना दंड होतो. रक्कम किरकोळ असते. आमच्या मते खरा मार चारचौघांत नाव निघण्याचा.

इतरत्र हे सगळं गेलं, कारण मुख्यतः 1750 ते 1850 या काळात पार्लमेंटने गावोगावसाठी वेगळे कायदे करून शिवारं बंदिस्त केली. विखुरलेले पट्टे मोडून प्रत्येकाला एकगठ्ठा जमीन मिळाली, पण कुंपण घालायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. लहान शेतकरी तिथेच मोडला. गायरानात नुसत्या वहिवाटीने गाय चारणाऱ्याच्या हातात कागद नसल्याने त्याला बहुधा काहीच मिळालं नाही. लॅक्स्टनची जमीन मात्र 1952 साली सरकारच्या कृषी खात्याने विकत घेतली, म्हणून पद्धत टिकली.

प्रश्न : एका चर्चच्या नोंदवहीत आई-वडिलांचं लग्न एप्रिल 1719 मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1719 मध्ये दिसतो. लग्नाआधीचं मूल समजायचं का?

नाही, उगाच कुणाच्या पणजीवर आळ नको! इंग्लंडमध्ये 1751 पर्यंत सरकारी आणि चर्चच्या दप्तरात नवं वर्ष 25 मार्चला लागत असे. त्यामुळे एप्रिल 1719 आधी येतो आणि फेब्रुवारी 1719 त्यानंतर. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी 1720. मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी आलं. टिपण करताना ‘1719/20’ असं लिहावं.

उताऱ्यावरून काम करत असाल तर जपून. नक्कल करणाऱ्याने साल आधीच बदललेलं असेल आणि तुम्ही पुन्हा एक मिळवलंत, तर वर्षाची चूक पक्की. मूळ पान काढून डिसेंबर 1719 च्या लगेच खाली जानेवारीपुढे कोणतं साल आहे ते बघा. तिथेही 1719 असेल तर जुनी मोजणी.

प्रश्न : दशांशाच्या (चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याच्या) नकाशासोबतच्या तक्त्यात शेताचं क्षेत्र ‘0-2-16’ असं आहे. म्हणजे 0.216 एकर का?

या तक्त्यांत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. हे तीन वेगळे रकाने आहेत : एकर, रूड, पर्च. 4 रूडांचा एक एकर आणि 40 पर्चचा एक रूड. आपल्या गुंठ्यांत हिशेब सोपा जातो. रूड म्हणजे 10 गुंठे आणि 4 पर्च म्हणजे 1 गुंठा. तेव्हा 2 रूडांचे 20 आणि 16 पर्चचे 4, असे 24 गुंठे, म्हणजे 0.6 एकर. तुमच्या वाचनात शेत जवळजवळ तिपटीने आक्रसलं.

1836 च्या कायद्याने चर्चला द्यायचा धान्याचा दहावा हिस्सा रोख रकमेत बदलला, तेव्हाचे हे नकाशे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. तक्त्यात त्याच क्रमांकासमोर मालक, कसणारा आणि बहुधा शेताचं नाव व पीकही मिळतं. एखाद्या गावाचा नकाशा सापडत नसेल तर तो हरवला असं लगेच धरू नका. शिवार बंदिस्त करतानाच चर्चला जमीन देऊन दशांश मिटवलेला असेल, तर नकाशा काढायची बहुतेक वेळा गरजच पडली नाही.

प्रश्न : तिकडे कोंडवाडा होता का?

होता. उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये ‘पिनफोल्ड’, दक्षिणेत ‘पाउंड’. मोकाट जनावर कोंडणाऱ्याला ‘पिंडर’ म्हणत, आणि दंड भरल्याशिवाय मालकाला जनावर मिळत नसे. पिंडर हे आडनाव तिथूनच आलं.