आफ्रिका ही अमेरिकेची पायरी नव्हे

प्रश्न : माझी मुलगी बीएएमएस झाली असून इंटर्नशिप संपत आली आहे. नीटच्या दोन प्रयत्नांत एमबीबीएस हुकलं. आता आफ्रिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करायचं खूळ तिनं डोक्यात घेतलंय. तिला तिकडे वर्षानुवर्षं पाठवायची आमची तयारी नाही. आजारपणं, सुरक्षितता, शिवाय लग्नाचंही बघायचं आहे. पण एका कन्सल्टंटनं सांगितलं, की आफ्रिकेतला तीन महिन्यांचा अनुभव आणि नावावर एक रिसर्च पेपर असेल तर अमेरिकेत एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश सोपा जातो. साडेतीन लाखांत तो दोन्ही करून देणार आहे. पन्नास हजार भरलेत. बाकीचे भरावेत का? की एमडीच्या परीक्षेला बसवावं?
– एक पालक, परभणी

सप्रेम नमस्कार.

उरलेले तीन लाख भरू नका. या उत्तरासाठी मला फार विचार करावा लागला नाही. विचार करायला लावलं ते पत्रातल्या दुसऱ्याच गोष्टीनं.

मुलगी काही वर्षं आफ्रिकेत राहिली तर आजारी पडेल, सुरक्षित राहणार नाही, लग्न अडेल असं तुम्हाला वाटतं. त्याच आफ्रिकेत तिला तीन महिने पाठवायला मात्र तुम्ही तयार आहात. मलेरिया व्हायला तीन महिने पुरेसे असतात. म्हणजे तुमची भीती आफ्रिकेची नाही. मुलीनं तुम्हाला न विचारता स्वतःचा रस्ता निवडला, याची ती भीती आहे. तीच इच्छा तिची असते तेव्हा खूळ ठरते आणि तिच्यातून अमेरिकेचा व्हिसा निघणार असं दिसलं की तिच्यावर साडेतीन लाख खर्च करायला तुम्ही तयार होता. हे तुम्हाला लागेल, पण मुलीला हे रोज जाणवत असणार, म्हणून स्पष्ट लिहितोय.

तुमचा हेतू वाईट आहे असं मी मुळीच मानत नाही. एमबीबीएस हुकल्याचं दुःख तुमच्या घरात अजून ओलं आहे, ते ओळीओळीत दिसतं. क्लासची फी, दोन वर्षांचा ताण, नातेवाइकांचे प्रश्न, हे सगळं तुम्हीही सोसलंय. त्याची भरपाई अमेरिकेनं करावी असं वाटणं समजू शकतं. पण ती भरपाई करण्याचं काम मुलीचं नाही. ती आता डॉक्टर आहे, सज्ञान आहे. एवढ्या मोठ्या पत्रात तिला हे का करावंसं वाटतं याबद्दल एकही वाक्य नाही. इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात तिनं काय पाहिलं? कुठला रुग्ण तिच्या मनातून जात नाही? हे तुम्ही तिला विचारलंय का? नसेल, तर कन्सल्टंटकडे जाण्याआधी ते विचारायला हवं होतं.

आयुर्वेदातल्या एमडीची प्रवेश परीक्षा, एआयएपीजीईटी, तिला स्वतःला द्यायची असेल तर जरूर द्यावी. तिला नको असेल तर फॉर्म भरू नका. या परीक्षेबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे.

आता त्या तीन महिन्यांच्या सौद्याबद्दल. त्यामागे एक समजूत आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही: आफ्रिकेत रोग पुष्कळ, संशोधक कमी, त्यामुळे भारतातून गेलेल्या कुणाचंही स्वागत होईल आणि पेपर सहज निघेल. ही समजूत साफ चुकीची आहे. गांबियातलं वैद्यकीय संशोधन केंद्र १९४७ साली सुरू झालं. केनियाची केमरी ही राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था १९७९ची. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचं गाव आहे, तिथे १९८९पासून केमरी आणि संशोधनाला पैसा पुरवणारा ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांचं संयुक्त केंद्र चालतं. कोरोनाचा ओमिक्रॉन हा प्रकार २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आधी ओळखला तो बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी, लंडन-न्यूयॉर्कमधल्या नव्हे. या संस्थांमध्ये शिरायला तिथल्याच विद्यापीठांतले हुशार पदवीधर रांगेत उभे असतात आणि कित्येक शिष्यवृत्त्या फक्त आफ्रिकी नागरिकांसाठी राखीव असतात, ते योग्यच आहे. तुमची मुलगी तिथे गेली तर शिकाऊ म्हणून जाईल.

तिथे शिकण्यासारखं काय आहे, याचं एक उदाहरण देतो. ती डॉक्टर आहे, तिला लगेच कळेल. जंतुसंसर्गानं शॉकमध्ये गेलेल्या मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यायचं, असं श्रीमंत देशांतली पाठ्यपुस्तकं सांगत आली. किलिफीतल्या कॅथरिन मेटलंड आणि युगांडा, टांझानियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय प्रत्यक्ष तपासायचं ठरवलं. फीस्ट नावाची ती चाचणी ३,१४१ मुलांवर झाली आणि निकाल २०११ साली आला. ज्यांना झटपट सलाइन दिलं त्यांच्यातली १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यातली ७.३ टक्के. जीव वाचवणारा म्हणून मानलेला उपाय, ज्या रुग्णालयात व्हेंटिलेटर नाही, मुलाच्या अंगात मलेरिया आहे, रक्त कमी आहे, तिथे जीव घेत होता. हे अमेरिकेत बसून कुणालाही सापडलं नसतं. त्यासाठी त्याच वॉर्डांत, तिथल्याच डॉक्टर-नर्सेसबरोबर वर्षानुवर्षं काम करावं लागलं. सार्वजनिक आरोग्याचं संशोधन म्हणजे काय, ते मला या एका चाचणीत सगळं दिसतं. तुमच्या मुलीला त्याची ओढ वाटत असेल तर तिचा मला अभिमानच वाटेल.

आणि कन्सल्टंट म्हणतो तीन महिन्यांत पेपर. आधी संशोधनाचा आराखडा, मग नैतिकता समितीची मंजुरी, मग देशाचा परवाना. केनियात तो नाकोस्टी हा राष्ट्रीय विज्ञान आयोग देतो, युगांडात तिथली राष्ट्रीय विज्ञान परिषद. परदेशी माणसाला स्थानिक संस्थेशी जोडून घ्यावं लागतं. त्यानंतर कुठे पहिल्या घराचं दार वाजवता येतं. तीन महिन्यांत मिळणारा पेपर एक तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलमधला असतो, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या मेहनतीवर चिकटवलेलं नाव असतं. विमानानं यायचं, नमुने आणि माहिती घेऊन जायचं, याचा आफ्रिकेतल्या लोकांनी पुष्कळ अनुभव घेतलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजानं २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली प्रक्रिया. मुलीनं ती वाचावी, आणि तुम्हीही. मग तो सौदा कसला होता ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पैशाची बाजूही लपवत नाही. २०२५ हे वर्ष या क्षेत्राला फार जड गेलं. अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, ती मदत देणारी यूएसएड ही संस्था बंद झाली, दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधनाचा मोठा निधी अडला. ऐंशीच्या दशकापासून कितीतरी देशांत माता-बाल आरोग्याची सर्वेक्षणं करणारा डीएचएस कार्यक्रमही त्यात सापडला. अनुभवी माणसं एका रात्रीत बेकार झाली. त्यामुळे एमपीएच झालं की नैरोबीत नोकरी, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण अमेरिकेचा पैसा म्हणजे सगळा पैसा नव्हे. वेलकम ट्रस्ट आहे, युरोप आणि आफ्रिकी देशांची क्लिनिकल चाचण्यांसाठीची भागीदारी आहे, अदिस अबाबात आफ्रिकी संघाचं २०१७ साली सुरू झालेलं आफ्रिका सीडीसी हे रोगनियंत्रण केंद्र आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रातूनही तिकडे एक रस्ता जातो, तो मुलीला दाखवा. मेनिंजायटिस-ए या मेंदूज्वरावरची मेनॲफ्रिव्हॅक ही लस पुण्याच्या सीरमनं बनवली, तेव्हा किंमत अर्ध्या डॉलरच्या आत. २०१०च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली आणि पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना मिळाली. मलेरियाची आर-२१ लस ऑक्सफर्ड आणि सीरमची. तिच्या चाचण्या बुर्किना फासोतल्या नानोरोत, किलिफीत, टांझानियातल्या बागामोयोत झाल्या आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली.

तर सुरुवात कुठून? शिरूर तालुक्यातल्या वढूपासून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र तिथल्या गावांत २००२पासून घरोघरी जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची सलग नोंद ठेवतं. ज्या घरात मृत्यू झाला तिथे जाऊन घरच्यांशी बोलून कारण शोधायचं, याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. अगदी हेच काम दक्षिण आफ्रिकेतल्या ॲगिनकोर्टमध्ये १९९२पासून चालू आहे. तिथे एचआयव्हीनं वाढत गेलेले मृत्यू आणि औषधं मिळू लागल्यावर ते कमी होत जाणं, दोन्ही याच वह्यांमध्ये दिसलं. वढू आणि ॲगिनकोर्ट ही अशा नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांच्या इनडेप्थ या एकाच जाळ्यातली. तिला असं काम इथे जमलं, तर ते तिथेही ओळखलं जाईल. गडचिरोलीला ‘सर्च’मध्येही तिनं जाऊन यावं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा बंग दांपत्याचा प्रयोग १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी सगळ्या विकसनशील देशांना बाळंतिणीच्या घरी भेट द्यायचा सल्ला दिला.

एमपीएच इथेच करावं. टाटा समाजविज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था. बीएएमएसवाल्यांना ही दारं उघडी आहेत. कर्ज काढून अमेरिकेला जाण्याआधी दोन वर्षं फील्डवर काढलेली बरी. आणि संख्याशास्त्र चुकवू नये. बीएएमएस, बीडीएस, अगदी एमबीबीएस झालेल्या मुलांचीही गाडी इथेच अडते. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, संशोधनाच्या नैतिकतेचे आणि क्लिनिकल चाचण्यांचे मोफत अभ्यासक्रम ‘द ग्लोबल हेल्थ नेटवर्क’वर आहेत, आफ्रिकेतल्या जर्नल्ससाठी ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ आहे, ‘पॅन आफ्रिकन मेडिकल जर्नल’ पूर्ण मोफत वाचता येतं.

पहिला अभ्यास मीच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला परभणी जिल्ह्याचा तक्ता तिनं काढावा. ही पाहणी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. शेजारी केनियाच्या २०२२च्या सर्वेक्षणातले किलिफी काउंटीचे आकडे ठेवावेत. लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं. कुठे परभणी पुढे, कुठे किलिफी, आणि का, यावर तिनं चार पानं लिहून मला पाठवावीत. ‘का’चं उत्तर शोधताना तिला मजा आली तर ती या कामासाठी आहे. कंटाळा आला तर तेही लवकर कळलेलं चांगलं, आणि तो निर्णयही तिचाच असू द्या.

लग्नाबद्दल मी काही बोलणार नाही. तो तिच्याशी बोलायचा विषय आहे.

राहिली सुरक्षितता. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत, सगळ्यांना एकच भीती लावू नका. काँगोचा पूर्व भाग, माली, बुर्किना फासो इथे संघर्ष चालू आहे. तिथे नवख्या मुलीनं जाऊ नये असं मीही सांगेन. केनिया, टांझानिया, घाना इथे एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली राहणं वेगळं. इंग्रजी तिथे चालतं, केनिया-टांझानियासाठी स्वाहिली आतापासून शिकावी, कारण तिथल्या घरात बसून बाळाच्या आईशी बोलायचं तर तीच लागते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं. आणि केनियाला जायचं ठरलं तर यलो फिव्हरची लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी, प्रमाणपत्र जपून ठेवावं. ते नसेल तर परतताना भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.