जर्मनीत जाऊन मांसाहार सोडायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी जर्मनीला निघायचंय, घरी आठवड्यातून दोन-तीनदा मासे किंवा चिकन होतं, तिकडे पोचल्यावर मात्र पूर्ण शाकाहारी व्हायचंय. अंड्याचं अजून ठरलेलं नाही. आणि घरचे म्हणतात, तिकडे नुसत्या ब्रेड-बटाट्यावर दिवस काढशील.

घरच्यांची काळजी अगदीच बिनबुडाची नाही. जर्मनीत शाकाहारी माल भरपूर मिळतो, पण दिवसभर लेक्चर करून दमून खोलीवर आल्यावर हाताशी ब्रेड, जॅम, पास्ता आणि बटाटाच असतो. पोट भरतं, दोन तासांनी परत भूक लागते, आणि थंडी सुरू झाली की माणूस आपोआप सॉसेजकडे वळतो. म्हणून काय सोडायचं याआधी त्या जागी काय येणार हे ठरवा. दर जेवणात डाळ, कडधान्य, सोया किंवा दुधाचा घट्ट पदार्थ यांपैकी एक काहीतरी हवंच. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

हिशेब करून बघा. डीजीई ही तिथली पोषणविषयक संस्था प्रौढांसाठी दर किलो वजनाला ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगते. ६० किलो वजनाला ४८ ग्रॅम. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून ५५ ते ६० धरा. सकाळी ५० ग्रॅम ओट्स, २०० मिली दूध आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे घेतले की २० ग्रॅम झाली. दुपारी ६० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा चवळीची उसळ आणि तीन पोळ्या, अजून २२-२४. रात्री ४० ग्रॅम डाळीची आमटी, भात आणि १२५ ग्रॅम क्वार्क, म्हणजे २५च्या पुढे. बेरीज ६५ ते ७० होते आणि यात पावडरचा डबा कुठेच आलेला नाही. सुरुवातीचे काही आठवडे वजनकाट्यावर डाळ मोजून घ्या. आमटी पातळ झाली की माणशी २० ग्रॅमसुद्धा डाळ पडत नाही आणि आपल्याला वाटतं रोज डाळ खातोय.

क्वार्कची ओळख आधी करून घ्या, कारण तिथलं स्वस्त आणि भरवशाचं प्रथिन तेच. दिसायला-चवीला आपल्या चक्क्याच्या जवळचं. डब्यावर ‘मागर’ लिहिलेलं असेल तर ते बिनचरबीचं, १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम प्रथिनं. ‘२० टक्के’ आणि ‘४० टक्के’ असेही प्रकार असतात. ती टक्केवारी पाणी वगळून उरलेल्या भागातल्या चरबीची असते, प्रत्यक्षात ४० टक्केवाल्यात सुमारे ११ टक्केच चरबी असते. मागर क्वार्कचं श्रीखंड रवाळ आणि आंबट होतं, त्यासाठी ४० टक्केवालाच घ्या. रोजच्या खाण्यात मागर क्वार्कमध्ये थोडं दूध घालून फेटायचं, मीठ, जिरेपूड, काकडी घातली की कोशिंबीर तयार. गरम आमटीत मात्र टाकू नका, फाटतं.

पनीर घरी करायचं तर फ्रिजमधल्या कपाटातलं ताजं ‘फोलमिल्ख’ घ्या, ३.५ टक्के किंवा जास्त चरबीचं. बाहेर शेल्फवर ठेवलेलं ‘हाल्टबार’ किंवा ‘एच’ दूध फार वरच्या तापमानाला तापवलेलं असतं. त्याचा चोथा मऊ, भुसभुशीत होतो आणि वडी धरत नाही. एक लिटरमागे साध्या ५ टक्के व्हिनेगरचे दोन मोठे चमचे पुरतात. दुकानात ‘एसिगएसेन्त्स’ नावाची बाटलीही दिसेल. ते २५ टक्के तीव्रतेचं असतं, साफसफाईलाही वापरतात. ते तसंच ओतलं तर पनीर खाण्यालायक राहणार नाही, आणि डोळ्यात उडालं तर इजा होईल. वापरायचंच असेल तर एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी.

कडधान्यांसाठी तुर्की किराणा दुकान शोधा. हरभरे, छोले, राजमा, मसूर मोठ्या पाकिटात मिळतात, शिवाय कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी. लाल मसूर (‘रोटे लिन्झेन’) साध्या सुपरमार्केटातही असते, आणि ती भिजवल्याशिवाय १५ मिनिटांत शिजते, म्हणून परीक्षेच्या दिवसांत तीच उपयोगी. तूर, मटकी, चवळी, पोहे भारतीय किंवा आशियाई दुकानात. सोया ग्रॅन्युल्स डीएम, रॉसमानसारख्या ड्रगस्टोअरमध्ये मिळतात. १०० ग्रॅममागे ५० ग्रॅम प्रथिनं. गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, मग कांदा-मसाल्यात परतायचे. न पिळता टाकले तर कच्चा वास राहतो, आणि त्या एका वासामुळे कित्येक जण सोया कायमचं सोडतात.

बर्लिन आणि म्युनिकसारख्या बऱ्याच शहरांत नळाचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे कडधान्याचं साल कडक राहतं आणि चार शिट्ट्यांनंतरही हरभरा दाताखाली कचकचतो. भिजवताना पाण्यात चिमूटभर खायचा सोडा (तिथे ‘नाट्रॉन’) टाका, पाणी फेकून द्या, आणि टोमॅटो-चिंच शिजल्यावरच घाला, कारण आंबटानेही दाणा टणक राहतो. राजम्याच्या बाबतीत तडजोड नको: १२ तास भिजवा, ते पाणी टाका, आणि नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळू द्या. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात, आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते नष्ट होत नाही.

कुकर नेताना स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा न्या. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. काचेच्या साध्या इलेक्ट्रिक शेगडीवर तो चालेल, पण ती शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे एक शिट्टी आधीच बंद करायची सवय लावा, नाहीतर भाताची पेज होते. घरात धूरसूचक यंत्र लावणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. एका खोलीच्या घरात मिरचीची फोडणी करायची तर आधी खिडकी उघडा.

पोळीचा प्रश्न सगळ्यांना पडतो. पिठाच्या पाकिटावरचे आकडे बघा: ४०५ म्हणजे आपला मैदा, ५५० ब्रेडचं पांढरं पीठ, १०५० मध्यम कोंड्याचं, आणि ‘फोलकोर्न’ म्हणजे अख्ख्या गव्हाचं. नुसतं फोलकोर्न मळलं तर त्यातला जाडसर कोंडा पोळी लाटताना कडा फाडतो. दोन वाट्या फोलकोर्नला एक वाटी ५५० किंवा १०५० मिसळा, कोमट पाण्याने जरा सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा पाणी पितो आणि कणीक सुधारते. ब्रेड घेताना ‘झाउअरटाइक’ म्हणजे आंबवलेल्या पिठाचा घ्या. आंबवण्याने धान्यातलं, लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह जास्त शोषलं जातं. मोड आणण्याचंही हेच कारण. हिवाळ्यात खोलीत मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात. भांडं हीटरच्या शेजारी ठेवा, वर नको, दाणे वाळतात.

आता लपलेल्या मांसाबद्दल, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असला की त्यात अंडं नाही हे नक्की. तिथे ‘व्हेगेटारिश’ म्हणजे अंडं असू शकतं. पिवळ्या गोलात हिरवा ‘व्ही’ असलेलं व्ही-लेबल दिसेल, त्याच्याखालचा शब्द वाचा: ‘व्हेगेटारिश’ की ‘व्हेगान’ (अंडं, दूध असं प्राण्यांचं काहीच नसलेलं). अंडं नको असं ठरलं तर व्हेगान घ्या आणि दूध-दही वेगळं घ्या. ताजे नूडल्स, केक, बर्गरच्या शाकाहारी टिक्क्या यांत अंडं फार असतं. ‘गेलाटिने’, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारं जिलेटिन, गमीच्या गोळ्यांत असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते काही कमी चरबीच्या दह्यांत, क्रीमच्या केकमध्ये आणि औषधांच्या मऊ कॅप्सूलमध्येही असतं. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात.

चीजचं जरा किचकट आहे. दूध गोठवायला लागणारं ‘लाब’ वासराच्या पोटातूनही येतं आणि सूक्ष्मजीवांपासूनही बनतं. घटकांच्या यादीत ते लिहिण्याची सक्ती नाही, म्हणून यादीत नाव नाही यावरून काहीच कळत नाही. पाकिटावर ‘मिक्रोबिएलेस लाब’ किंवा व्ही-लेबल असेल तेच घ्या. पार्मेझान आणि ग्राना पादानो यांत लाब नेहमीच प्राण्याचं असतं, त्यामुळे हेच चीज घातलेली इटालियन चटणी, म्हणजे बाहेरचा तयार हिरवा पेस्टो, वर तुळशीचं चित्र असलं तरी, बहुतेक वेळा बाद. क्वार्कसाठीही थोडं लाब वापरतात, तिथेही लेबल बघा.

हॉटेलात ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. मासे किंवा बेकनचे तुकडे पुढे येऊ शकतात. बेकनला ‘श्पेक’ म्हणतात, डुकराच्या चरबीला ‘श्माल्ट्स’, आणि मांसाच्या पाण्याला ‘फ्लाइशब्र्युए’. विचारायचं वाक्य पाठ करून जा: “इस्ट दा श्पेक, श्माल्ट्स ओडर फ्लाइशब्र्युए ड्रिन?” म्हणजे, यात यांपैकी काही आहे का? रोटकोल म्हणजे लाल कोबी, सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, परतलेले बटाटे, मसुराचं सूप, पातळ पिझ्झासारखा फ्लामकूखेन, या सगळ्यांत श्पेक किंवा श्माल्ट्स असण्याची शक्यता दाट. दक्षिणेकडच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी घालायची पद्धत आहे, आणि काही बेकरींच्या ब्रेत्सेलमध्येही (वेटोळ्याच्या आकाराचा खारा पाव) श्माल्ट्स असतं. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे कँटीनमध्ये, शाकाहारी पदार्थ रोज असतो आणि पाटीवर खुणांनी सगळं लिहिलेलं असतं, तिथे निर्धास्त जेवा.

तब्येतीच्या बाबतीत सगळ्यात आधी बी-१२. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून चूक लगेच जाणवत नाही. हातापायाला मुंग्या येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. डीजीईचा अंदाज रोज ४ मायक्रोग्रॅमचा आहे. १०० मिली दुधात साधारण ०.४ असतं, एका अंड्यात एकच्या आसपास. म्हणजे नुसत्या दुधावर गाठायला लिटरभर दूध लागेल. शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, म्हणून दूध-क्वार्क दिवसभरात विभागून घ्या आणि जोडीला गोळी ठेवाच. निघण्याआधी बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या आणि गोळीची मात्रा डॉक्टरांकडून त्यावरून ठरवून घ्या. तिथे लक्षणं नसताना केलेल्या अशा चाचण्यांचे पैसे सहसा स्वतःच भरावे लागतात.

लोहासाठी डाळीवर लिंबू पिळा किंवा जोडीला सिमला मिरची खा, आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने. जेवताना चहा घेतला तर उसळीतलं लोह बरंचसं वाया जातं. मासे सुटले की आयोडीन कमी पडतं. आपल्याकडे मीठ आयोडीनयुक्तच असतं, तिथे मात्र दोन्ही प्रकार शेजारी ठेवलेले असतात. पाकिटावर ‘योडझाल्ट्स’ वाचूनच घ्या. गुलाबी किंवा ‘समुद्री’ मीठ महाग असलं तरी त्यात आयोडीन नगण्य. ऑक्टोबर ते मार्च तिथलं ऊन इतकं तिरपं पडतं की त्वचेत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. माशातल्या ओमेगा-३च्या जागी जवस: ‘लाइनझामेन’ नावाने सगळीकडे मिळते, भाजून कुटून चटणी करा. अख्खी खाल्ली तर जशीच्या तशी बाहेर पडते. रोजच्या फोडणीला रिफाइंड रॅप्सचं, म्हणजे कॅनोलासारखं, तेल चांगलं. आणि दुधाऐवजी ओट ड्रिंक घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा: ‘बायो’ शिक्का असलेल्यात सहसा कॅल्शियम घातलेलं नसतं, साध्यात घातलेलं असतं.

सामानात तूप, खवा, पेढे, बर्फी नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला प्रवाशाला बंदी आहे आणि जप्त होतात. ताजा कढीपत्ता, ताज्या मिरच्या रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कढीपत्ता वाळवून न्या. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, हिंग, आमसुलं, भाजणी, थोडी मटकी, हे सीलबंद पाकिटात न्या. दुबईमार्गे जात असाल तर मसाल्यात खसखस नको, तिथे तिला बंदी आहे.

मांस एकदम सोडून दुसऱ्या दिवशी तीन वाट्या छोले खाल्ले तर पोट फुगणारच. जायला वेळ आहे, तर आतापासून आठवड्याला एक मांसाहारी जेवण कमी करत चला आणि मुगाच्या, मसुराच्या डाळीपासून सुरुवात करा, राजमा-छोले शेवटी. तिथे पोचल्यावर पहिलीच खरेदी शनिवारच्या आत उरका, कारण रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात: दोन डबे क्वार्क, एक किलो लाल मसूर, तांदूळ, ओट्स, कांदे, लिंबं आणि योडझाल्ट्स.