किट निगेटिव्ह, पण मळमळ काही थांबत नाही

अगं, पाळी ९ दिवस चुकलीये, मळमळतंय, छाती दुखतेय, ३ प्रेग्नन्सी किट निगेटिव्ह आणि वर सासूबाई म्हणतायत की दिवसच गेलेत, त्या पट्टीला काय कळतं, हे तुझं वाचलं आणि मला माझा ४ वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला. आपल्या इंदुरात सकाळी पोह्यांच्या वासापासून पळणार कुठे, मला तर त्यातल्या बडीशेपेनेच ढवळायचं. रामबागेतला केमिस्ट सासऱ्यांच्या ओळखीचा, म्हणून किट आणायला मी स्कूटीवर पार पलासियाला जायची. ५ किट झाले. एकावर तर तासाभराने अंधुक दुसरी रेघ दिसली आणि मी रडलेच, पण ती वाळल्याची रेघ असते गं, पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर किट बघूच नये.

किट लघवीतलं एचसीजी नावाचं हार्मोन पकडतं, बरेचसे साधारण २५ युनिटच्या वर गेलं की, आणि ते गर्भ रुजल्यावरच बनायला लागतं. त्या महिन्यात बीज उशिरा सुटलं असेल तर पाळी चुकूनही किटसाठी लवकरच असतं. म्हणून आठवड्याने परत कर, सकाळच्या पहिल्या लघवीने, आधी तांब्याभर पाणी न पिता. तेवढा धीर नसेल तर सरळ रक्ताची बीटा एचसीजी करून टाक, किटवर पैसे घालू नकोस.

माझी बीटापण निगेटिव्ह आली. मग डॉक्टरांनी एकच विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? मी म्हटलं काही नाही, फक्त अ‍ॅसिडिटीची, रोज सकाळी उपाशीपोटी. त्यातच डोमपेरिडोन होतं! त्याने प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन, मग छाती दुखते, पाळी लांबते, कुणाला दूधसुद्धा येतं. मी मळमळ थांबावी म्हणून गोळी घेत होते आणि बाकीची लक्षणं तीच गोळी आणत होती. डॉक्टरांना विचारून बंद केली, दीड महिन्यात पाळी आली. मळमळ मात्र खरंच अ‍ॅसिडिटीचीच होती, सराफ्यात रात्री उशिरापर्यंत चापलेल्या खाण्याची कृपा.

थायरॉईड कमी असला तरी प्रोलॅक्टिन वाढू शकतं, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, आणि प्रोलॅक्टिन दोन्ही कर. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते तो त्रास, वाटला तर सोनोग्राफी सांगतील. आणि दर पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं तेच दिवस गेल्यावरही वाढलेलं असतं, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून सासूबाईंनाच काय, कुणालाच सांगता येत नाही. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांना तर आत्ता बाजूलाच ठेव, आधी रिपोर्ट येऊ देत.

फक्त पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली किंवा ब्लीडिंग सुरू झालं तर किट निगेटिव्ह असला तरी रात्र असो की दिवस, लगेच हॉस्पिटल गाठ, गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असू शकतो.

गोळ्या कुठल्या घेतेस ते लिही ना, आयुर्वेदिकपण सांग.