अमळनेरला एसी नसलेल्या खोलीत व्हिडिओ एडिटिंगचा पीसी जोडतोय, लिक्विड कूलर २४० घ्यावा की ३६०?

तुमची माहिती वाचली: प्रोसेसर इंटेल कोअर आय७ १४७००के, काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं, खोली वरच्या मजल्यावर स्लॅबखाली, एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मी जळगावात पीसी जोडून देतो. माझं मत सरळ आहे: ३६०च घ्या, म्हणजे ३६० मिमीच्या रेडिएटरचा (द्रव थंड करणारी पंख्यांची जाळी). पण नुसत्या ३६०वर आपल्याकडचा एप्रिल-मे निघणार नाही.

यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक २२-२५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीत सोडायची, एवढंच त्याचं काम. समजा २४ अंशांच्या खोलीत एखाद्या कूलरवर प्रोसेसर ८५ अंशांवर राहिला, म्हणजे खोलीपेक्षा ६१ अंश जास्त. तोच कूलर, तेवढाच लोड, आणि खोली ४२ अंशांवर, तर हिशेब १०३ वर जातो. या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि एक्स्पोर्ट रेंगाळतं. लग्नसराई आणि भुसावळ-जळगावचं ४५ अंशांचं ऊन एकाच वेळी येतं, हीच खरी पंचाईत. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात बसत असता तर निम्मा प्रश्न मिटला असता!

१४७००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. गेम खेळताना सहसा तेवढी लागत नाही, पण रेंडरिंगमध्ये सगळे कोअर कामाला लागतात. अशा वेळी रेडिएटर मोठा असला की आतलं द्रव कमी तापतं आणि पंख्यांना बोंबलावं लागत नाही. द्रवाचं तापमान ६० अंशांच्या आत ठेवावं असं साधारण मानतात, आणि तापलेल्या खोलीत २४० वर ती हद्द फारशी लांब राहत नाही. तुमच्याकडे रायझन ७ ७८००एक्स३डीसारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर असता, तर मी लिक्विडचं नावच काढलं नसतं. दोन टॉवरचा हवेचा कूलर पुरला असता आणि उरलेल्या पैशांत एसएसडी आला असता.

आता फुकटातला उपाय. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने घ्यायच्या विजेची मर्यादा, १८० वॅटच्या आसपास बसवा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता मात्र भरपूर घटते. हिवाळ्यात हवं तर परत वाढवा. त्याच बैठकीत बायोसही अपडेट करा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे खराबी येत होती, त्यावरचे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) २०२४ मध्ये आले. दुकानात पडून असलेल्या मदरबोर्डवर ते असतीलच असं नाही.

कॅबिनेट घेताना वर ३६० बसतो का ते विचारा. रेडिएटर साधारण २७ मिमी, पंखे २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी जागा हवी. उंच हीटसिंकची रॅम असेल तर ती आडवी येते. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे, त्याला तर मोजूनच जागा लागते. वर बसवला की हवेचे बुडबुडे रेडिएटरात जमतात, पंपात येत नाहीत. पुढे बसवायची वेळ आलीच तर रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं बघा. पंप पूर्ण वेगात चालू द्या, वेग कमी-जास्त करायचा तो पंख्यांचा. आरजीबी आणि स्क्रीनवाल्या मॉडेलांवर पैसे घालू नका, थंडावा त्याने वाढत नाही.

डेझर्ट कूलर जरूर चालवा, कोरड्या उन्हाळ्यात खोली चांगलीच उतरते. पण त्याचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. आपलं बोअरचं पाणी जड. तुषार आत गेले तर क्षार बोर्डवर बसतात. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा कोंडतो. धूळ आणि जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचा बारीक भुगा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. जाळीचं फिल्टर महिन्याला झटका. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

लिक्विड कूलरचा पंप कधीतरी जातोच, आणि बहुतेक मॉडेलांत द्रव परत भरता येत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं आधी बघा, बिल स्वतःच्या नावावर घ्या. वॉरंटीत गेला तरी पार्सल जाऊन येईपर्यंत मशीन बंद राहायला नको, त्यामुळे एलजीए१७०० ला (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटला) बसणारा एखादा साधा हवेचा कूलर आणि थर्मल पेस्टची ट्यूब कपाटात टाकून ठेवा. त्यावर पॉवर लिमिट १०० वॅटच्या आसपास आणली की काम हळू का होईना, चालू राहील.