पटलावरचा विभव की पटलाच्या दोन बाजूंतलं विभवांतर?

प्रश्न असा आला आहे: ‘विश्रांत अवस्थेत चेतापेशीच्या पटलावर उणे 70 मिलिव्होल्ट विभव असतो’ हे वाक्य बरोबर आहे का, की इथे ‘विभवांतर’च हवं? (पटल म्हणजे पेशीचं पातळ आवरण; विभव म्हणजे एखाद्या जागेची विद्युत पातळी; विभवांतर म्हणजे दोन जागांच्या विभवांतला फरक.)

माझ्या मते खटकायला हवा तो ‘पटलावर’ हा शब्द. मोजणी कशी होते ते बघा. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1939 साली स्क्विडच्या (म्हणजे आपल्या माकुलाच्या) जाड चेतातंतूत बारीक काचेची नळी लांबीच्या दिशेने सरकवली. मोजणीचं एक टोक या नळीतून आत, दुसरं बाहेरच्या खाऱ्या पाण्यात. जो आकडा आला तो या दोन जागांमधला. पटलावर काहीच मोजलेलं नव्हतं. बाहेरचा विभव शून्य धरण्याचा संकेत आहे, म्हणून ‘आतला विभव उणे 70’ हे चालतं. दोन्ही बाजू मनात असतील तर ‘विभवांतर’.

हे अंतर पडतं कसं? पेशीत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम. विश्रांत पटलातून पोटॅशियमला वाट बरीच मोकळी, सोडियमला फार थोडी. पोटॅशियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) दाटीकडून विरळाईकडे, म्हणजे बाहेर झिरपतात आणि जाताना धन भार नेतात. त्यांच्या जोडीचे मोठे ऋण आयन, प्रथिनं वगैरे, आतच अडकतात. आतली बाजू ऋण होत जाते आणि तोच ऋणपणा पोटॅशियमला मागे ओढू लागतो. नुसत्या पोटॅशियमवर सोडलं तर ही ओढाताण उणे 90 च्या आसपास थांबली असती. थोडं सोडियम आत येत राहतं, म्हणून आकडा उणे 70 च्या जवळ राहतो.

यासाठी बाहेर पडणारे आयन अगदी नगण्य असतात, लाखामागे एखादा. म्हणून ‘पेशी ऋण आयनांनी भरलेली असते’ हे वाक्यही खोडावं. जादा भार फक्त पटलाला चिकटून, दोन्ही अंगांना असतो. पण पटल जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाड, त्यामुळे 70 मिलिव्होल्टनेही तिथलं विद्युत क्षेत्र मीटरला एक कोटी व्होल्टच्या घरात जातं.

(जाता जाता: ‘आयन’ ग्रीकमधून आला, अर्थ ‘जाणारा’. उत्तरायणातलं ‘अयन’ त्याच कुळातलं.)

‘विश्रांत’ हा शब्दही जपून वापरावा. संदेश जात नसतो एवढंच. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप चालूच असतो: दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा.

विभव आणि विभवांतर यांतला फरक खरा नडतो तो ‘वाढलं’, ‘कमी झालं’ म्हणताना. उदाहरण घ्या: रक्तातलं पोटॅशियम लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असावं लागतं. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर ते चढतं. अशा रुग्णाला डॉक्टर नारळपाणी बंद करायला सांगतात ते याचसाठी. बाहेर पोटॅशियम वाढलं की आतलं कमी झिरपतं आणि हृदयाच्या पेशीतले उणे 90 समजा उणे 80 वर येतात. आता विभव वाढला, कारण उणे 80 ही संख्या उणे 90 पेक्षा मोठी. विभवांतर मात्र कमी झालं. एकाच घटनेची ही दोन उलट वर्णनं, आणि दोन्ही बरोबर. म्हणून अशा जागी ‘विभवांतर 90 वरून 80 वर आलं’ असं आकड्यानिशी लिहावं. ‘पटलावरचा विभव वाढला’ लिहिलंत तर वाचणारा नेमकं उलटं समजेल.